डाव्या हाताचा कीबोर्ड

ह्यांनी शिफ्ट धरून दोनचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर अवतरणचिन्हाऐवजी @ उमटलं. ते खोडायला ह्यांनी बोट उजवीकडे खाली नेलं, तर तिथं बटणच नव्हतं, लॅपटॉपची कडा होती. पुन्हा शिफ्ट आणि दोन. पुन्हा @. तिसऱ्या वेळी ह्यांनी डाव्या हातानं लॅपटॉपचं झाकण ओढून बंद केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हे माझं मशीन नाही," म्हणाले.

बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागे, पण हे वाक्य मला स्पष्ट कळलं. सहा महिन्यांत ह्यांनी स्वतःहून बोललेलं ते बहुधा पहिलंच पूर्ण वाक्य असेल.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेले आणि एका सकाळी दाढी करता करता ह्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. कल्याणच्या हॉस्पिटलात सतरा दिवस काढून आम्ही मुरबाडला घरी परतलो, तेव्हा ह्यांची उजवी बाजू गेलेली होती. पाय हळूहळू थोडा आला. काठी आणि माझा खांदा धरून न्हाणीपर्यंत जाता येऊ लागलं. हात मात्र आला नाही. शहापूरहून एक फिजिओथेरपीवाली मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटरवरून यायची. तिनं दिलेला मऊ चेंडू दाबायचा असे. ह्यांनी तो कॉटखाली टाकायचा आणि मी वाकून काढायचा, असा आमचा व्यायाम चाले. तो माझाच जास्त व्हायचा.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर सकाळी सातपर्यंत झोपायचं, एवढा एकच बेत मी केला होता. तो दोन वर्षं टिकला. आता पाच वाजता उठून ह्यांचं अंग पुसणं, कपडे, गोळ्या, मऊ भात, पुन्हा कपडे. मुलगी पुण्याला असते, तिचं लहान बाळ आहे. ती फोनवर रडायची आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागायची. कुणी विचारलं तर मी बरं चाललंय म्हणायची. दुसरं काही सांगायला बसायचं तर तेवढा दम उरलेला नसे.

हे टोकावड्याच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. रोज सकाळी माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची आणि संध्याकाळी ती परत आणील तेव्हा यायचं, असं ह्यांनी पूर्ण नोकरीभर केलं. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील तेव्हा सरकारी योजनेतून त्या शाळेला दोन संगणक मिळाले. टीव्हीसारखा पडदा, आणि जाड कीबोर्डच्या पोटातच सगळं मशीन. प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. त्याचं शिक्षण घ्यायला ह्यांना तीन आठवडे ठाण्याला पाठवलं होतं. परत आले ते वेगळेच होऊन आले. शाळेत वीज कधी असे, कधी नसे. वीज आली की हे तास सोडून पळत जायचे म्हणे. मुलांना पाढे विचारणारा एक प्रोग्रॅम ह्यांनी तिथं लिहिला होता. मशीन गुणाकार विचारी, मुलं उत्तर टाइप करत, आणि इंग्रजी अक्षरांत 'बरोबर' नाहीतर 'चूक' असं उमटे. सिद्धगडाच्या बाजूच्या वाड्यांमधली, एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोरं त्या मशीनपुढे रांग लावायची, हे मी ह्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. पुढं नवीन संगणक आले, जुने भंगारात गेले, कॅसेटींना बुरशी लागली.

तर त्या रांगेतला एक जण फेब्रुवारीत सरांना बघायला आला. आता पन्नाशीचा गृहस्थ. घर आसनगावला, नोकरी मुंबईला, गाव टोकावडेच. ह्यांच्या कॉटजवळ खुर्ची ओढून म्हणाला, "सर, वळखलं का मला? पाढ्यांच्या प्रोग्रॅममदी मी मशीनची चूक काढाया गेलो व्हतो, तुमी कान धरला व्हता."

ह्यांच्या डोळ्यांत ओळख दिसली. तोंड थोडं हललं.

मग त्यानं सांगितलं की त्याला जुन्या संगणकांचा नाद आहे. रविवारचा सगळा टाइम त्यातच जातो, बायको ओरडते. ते शाळेतलं मशीन आता साध्या लॅपटॉपवर चालवता येतं. इम्युलेटर म्हणतात त्या प्रोग्रॅमला, तो जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेतो. मुलीनं टाकून दिलेला एक लॅपटॉप घरात होता. त्यानं बसल्या बसल्या त्यावर ते सगळं घालून दिलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी दोन ओळींची पाटी आणि लुकलुकणारी छोटी रेघ आली. हे उशीवरून मान उचलून बघत राहिले. तो गेल्यावर मी लॅपटॉप ह्यांच्यापुढे जेवणाच्या टेबलवर ठेवला. आणि मग तो @ उमटला.

मी त्याला फोन केला. तो स्टेशनवर होता, मागं गाड्यांची घोषणा चालू होती.

"बाई, घाबरायचं नाय," तो म्हणाला. "सरांचं चुकत नाय, बटणांचं चुकतंय. त्या मशीनला अवतरणचिन्ह दोनवर व्हतं. आपल्या लॅपटॉपला दोनवर ते @ छापलंय. इम्युलेटरला दोन तऱ्हा असतात. एक, बटणावर जे छापलंय ते उमटवायचं. दुसरी, जुन्या मशीनला त्या जागी जे व्हतं ते उमटवायचं. सरांची बोटं जागा वळखतात. तुमी दुसरी सेटिंग लावा."

सेटिंग कुठं आहे ते त्यानं सांगितलं. मी चष्मा लावून, कागदावर उतरवून घेऊन ती लावली. दुसऱ्या दिवशी ह्यांना कसंबसं तयार केलं. शिफ्ट आणि दोन. अवतरणचिन्ह आलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुढची ओळ लिहायला घेतली. खोडायचं बटण जिथं हे शोधत होते तिथून जवळ पडणारं वरच्या बाणाचं बटण होतं. तेही फोनवर विचारून विचारून मी खोडायला लावून दिलं.

ह्यांची सोय झाली आणि माझी पंचाईत. आता कुठल्याच चिन्हाच्या बटणावर जे छापलेलं होतं ते उमटत नव्हतं. ज्यावर = आहे ते दाबलं तर टोपीसारखं काहीतरी यायचं. @ हवं असेल तर चौकोनी कंसावर दाबायचं. हे सांगायचे, "अगं, पी-च्या शेजारी," आणि मी पी-च्या शेजारी छापलेलं वाचत बसायची. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाचायला शिकवलं, आणि आता लिहिलेल्याकडे दुर्लक्ष करायला शिकत होते. "वाचू नकोस," हे म्हणायचे. तेवढे दोन शब्द म्हणायलाही ह्यांना श्रम पडायचे.

चौथ्या का पाचव्या दिवशी प्रोग्रॅमच्या चौदा ओळी झाल्या होत्या. हात पुसायला मी फडका दिला, तो घेताना ह्यांचं मनगट वरच्या रांगेतल्या एका बटणावर टेकलं आणि स्क्रीन पुसली गेली. फक्त ती सुरुवातीची पाटी. चौदा ओळींना आमच्या चार दुपारी गेल्या होत्या. मला त्या फडक्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि तो सगळा लॅपटॉप उचलून ओट्यावरून खाली टाकावा असं वाटलं.

हे शांत होते. म्हणाले, "ओल्ड."

मला वाटलं, आपण म्हातारे झालो असं काहीतरी म्हणतायत. मी म्हटलं, "असू दे हो. उद्या परत करू."

"नाही." ह्यांनी डोकं हलवलं. "ओल्ड. टाइप कर. तीन अक्षरं."

मी ओ, एल, डी अशी अक्षरं दाबली. एंटर केलं. काही झालं नाही. "आता लिस्ट," म्हणाले. लिस्ट असं टाइप केल्यावर चौदाच्या चौदा ओळी एकाखाली एक परत आल्या. पुसून गेलेलं परत आणायचा तो त्या मशीनचा हुकूम होता, आणि हे सगळं विसरले तरी तो विसरले नव्हते. त्या दिवशी ह्यांनी भात स्वतःच्या हातानं खाल्ला. थोडा सांडला, तो मी नंतर पुसून घेतला. संध्याकाळी फोन करून ते मनगटाखालचं बटण मात्र मी बंद करून टाकलं.

त्या चौदा ओळी नुसत्या अवतरणचिन्हातल्या मजकुराच्या होत्या, खरी अडचण पुढे हिशेबाच्या ओळींना आली. बराबरचं चिन्ह, कंस, अधिक, गुणिले, ही सगळी जुन्या मशीनला उजव्या बाजूला होती आणि सगळ्यांना शिफ्ट लागायचं. दोन हात असलेल्या माणसाला त्यात काही विशेष नाही. ह्यांना एकच होता. डावा हात पलीकडे नेला तर हे उजवीकडे कलंडायचे. एकदा खुर्चीसकट पडता पडता वाचले. फिजिओथेरपीवालीनं बजावलं, उजवीकडे वाकायचं नाही. शिफ्ट एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं अशी एक सोय लॅपटॉपमध्ये असते, ती मी लावून पाहिली. तिनं नुसतं टुंग टुंग वाजवलं, इम्युलेटरनं तिला दाद दिली नाही.

मग मीच ह्यांचं शिफ्ट झाले. हे लिहायचे, थांबायचे, म्हणायचे, "शिफ्ट." मी दाबायची. हे बटण दाबायचे. "सोड." मी सोडायची. कुकर लावलेला असे, दूध उतू जात असे, दारात कुणी उभं असे. "शिफ्ट." पाढ्यांच्या प्रोग्रॅममध्ये हिशेबाची एकही ओळ बराबरच्या चिन्हाशिवाय नाही. "सोड." दुपारी जरा पाठ टेकावी तर आतून आवाज यायचा. हे खूश होते असं नाही म्हणता यायचं, पण कशात तरी होते. म्हणून मला नाही म्हणवत नव्हतं. आणि नाही म्हणवत नव्हतं म्हणून आत काहीतरी साठत होतं.

मार्चच्या शेवटी एका दुपारी हे सातव्यांदा का आठव्यांदा "शिफ्ट" म्हणाले आणि मी हाताची घडी घालून बसून राहिले.

"मला नाव आहे," मी म्हटलं. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. शिफ्ट काय शिफ्ट."

मी शेजारणीला जरा लक्ष ठेवायला सांगितलं, गोळ्या आणायला जाते म्हणून बाहेर पडले आणि मेडिकलच्या दुकानावरून पुढे जाऊन एसटी स्टँडवर जाऊन बसले. कुठं जायचं नव्हतं. बाकड्यावर बसले, पाण्याची बाटली घेतली. टोकावड्याची गाडी लागली, भरली, गेली. शहापूरची आली. ओळखीची एक बाई भेटली, कुठं निघालात म्हणाली. मी म्हटलं, "कुठं नाही." तिला ती थट्टा वाटली. तासाभरानं उठले, गोळ्या घेतल्या आणि घरी आले. काही सुचलं नव्हतं, डोकं हलकंही झालं नव्हतं. फक्त तासभर कुणी हाक मारली नव्हती.

दार उघडंच होतं. शेजारीण ओट्यावर तिच्या फोनमध्ये होती. आत ह्यांची पाठ माझ्याकडे होती. ह्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला होता आणि तो कीबोर्डवर शिफ्टच्या बटणावर नेऊन ठेवत होते. हात ठेवल्यावर डावं बोट घाईघाईनं दुसऱ्या बटणावर न्यायचे. तेवढ्यात उजवा हात घसरून मांडीवर पडायचा. पुन्हा उचलायचे. पुन्हा ठेवायचे. सहा महिने तो चेंडू एकदाही न दाबणारा माणूस. स्क्रीनवर एका ओळीत टोपीची, वजाबाकीची, कसली कसली चिन्हं भरली होती. त्यात एक = पण होतं.

मी आत गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदर तोंडाला लावला. जरा वेळानं भांडं वाजवलं, आल्याचं कळावं म्हणून. ह्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

त्या रविवारी तो आसनगावहून आला. मी त्याला चहा द्यायच्या आधीच विचारलं, "एक बटण दाबून शिफ्टसकट चिन्ह उमटेल असं करता येतं का?"

"येतं की. कुठल्याबी बटणाला काईबी लावता येतं. तुमी आधी का नाय बोललात?"

"मला माहीत नव्हतं असं काही असतं म्हणून."

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. डाव्या बाजूची रिकामी बटणं मोजली. टॅबचं बटण ह्यांना लागत नव्हतं. मोठी अक्षरं कायम चालूच असायची, म्हणून कॅप्स लॉकही मोकळं होतं. एकच्या आकड्याच्या डावीकडचं बटण. वरच्या रांगेतली पहिली दोन. त्यानं टॅबवर उघडता कंस लावला आणि म्हणाला, "सर, बघा दाबून."

ह्यांनी दाबलं. कंस आला. ह्यांचा चेहरा उतरला.

"मशीन असं नव्हतं," म्हणाले. "कंस तिथं नव्हता."

"सर, पन तुमच्या हाताला..."

"नव्हता तिथं."

त्यानं कीबोर्डवरून हात काढून घेतला. सरांना उलटून बोलायची त्याची अजून हिंमत होत नव्हती. मी बोलले. "मशीन तसं होतं तेव्हा तुमचे दोन हात होते."

असं ह्याआधी घरात कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर बोलायचे ते, वेळ लागेल. मुलगी म्हणायची, बाबा होईल बरं. मीही तेच म्हणायची. हे माझ्याकडे बघत राहिले, नंतर आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. पाहुण्याकडे बघावं तसं, जरा परकेपणानं. ह्यांचा तो विद्यार्थी उठायला लागला, "मी येतो बाई परत कधी," म्हणाला. मी त्याला हातानं बस म्हटलं. चहा ठेवला.

मी कप घेऊन आले तेव्हा हे बोट टॅबवर ठेवून होते.

"कंस इथं नको," म्हणाले. "बराबर इथं आण. बराबर जास्त लागतं."

पुढचे दोन तास ते दोघं बसले. हे बोटानं जागा दाखवायचे, तो लावून द्यायचा. टॅबवर बराबर. कॅप्स लॉकवर उघडता कंस, एकच्या आकड्याशेजारी बंद होणारा. वरच्या दोघांवर अधिक आणि गुणिले. एकदा जागा बदलल्या, पुन्हा बदलल्या. अवतरणचिन्ह मात्र दोनवरच राहिलं, तिथं ह्यांनी त्याला हात लावू दिला नाही. मी एका जुन्या वहीत सगळं लिहून घेतलं, कुठलं बटण, काय उमटतं. बरं झालं लिहिलं. नंतर एकदा लॅपटॉपनं स्वतःला अपडेट केलं आणि सगळी बटणं पुन्हा मूळ जाग्यावर गेली, तेव्हा ती वही बघून मी एकटीनं परत लावली. तीन तास लागले, पण लावली. बोटाला कळावं म्हणून टॅबवर माझी एक टिकली चिकटवली आहे. पडली की दुसरी लावते.

पाढ्यांचा प्रोग्रॅम मेमध्ये पुरा झाला. पहिल्यांदा चालवला तेव्हा ह्यांनी मला समोर बसवलं. मशीननं विचारलं, सतरा गुणिले आठ. मी घाईत एकशे सव्वीस लिहिलं. 'चूक' असं आलं. हे हसले, एका बाजूनं. फिजिओथेरपीवालीलाही ह्यांनी बसवलं. तिची पाचांत दोन चुकली आणि ती हातात मोबाइल घेऊन हिशेब करायला लागली तेव्हा ह्यांनी बोटानं नाही केलं. ती म्हणते, डाव्या हाताचा वेग चांगला आहे. उजव्याबद्दल ती आता काही बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही. तो हात तसाच आहे. चेंडू अजून कॉटखाली जातो.

मलाही बरं वाटतंय असं लिहिलं तर खोटं होईल. पाच वाजता उठणं चुकलेलं नाही, गुडघे दुखतात, आणि पुण्याला बाळ रांगायला लागलंय ते मी अजून नीट बघितलेलं नाही. पण दुपारी जेवणानंतर हे टेबलाशी बसतात आणि तास-सव्वातास मला हाक येत नाही. मधल्या खोलीत पंखा लावून मी आडवी होते. सुरुवातीला झोप लागायची नाही, कान तिकडेच असायचे. आता लागते.

परवा अशीच झोपले, ती जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. पाच वाजून गेले असावेत. धडपडत उठून बाहेर आले, तर लॅपटॉप बंद होता आणि हे काठी मांडीवर आडवी घेऊन खुर्चीत तसेच बसले होते. ह्यांना कधीपासून न्हाणीकडे जायचं होतं.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"झोपली होतीस," हे म्हणाले. मी खांदा पुढे केला आणि आम्ही न्हाणीकडे निघालो.